विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल: अंटार्क्टिकातला मूठभर पक्षी कोकणच्या समुद्रात काय करतो, आणि तो ओळखायचा कसा

नारळी पौर्णिमा झाली, होड्या परत दर्यात जायला लागल्या की बर्डिंगच्या ग्रुपवर एक ठराविक फोटो येतोच. सगळीकडे करडं पाणी आणि मधे एक काळा ठिपका, झूम केलं की त्याला पंख दिसतात आणि शेपटीच्या वर पांढरा डाग. खाली कुणीतरी "विल्सन्स" असं टाकतं, दुसरा विचारतो की हा तर अंटार्क्टिकाचा ना मग वाट चुकून आलाय का, तिसरा म्हणतो पाकोळी असेल हो, आणि चर्चा तिथेच संपते कारण फोटोत खरंच फारसं काही दिसत नसतं.

हा लेख त्या काळ्या ठिपक्याबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "काळा पक्षी आणि मागे पांढरं म्हणजे विल्सन" एवढंच बरेच जण पाठ करतात आणि नेमकं तेवढं पुरत नाही. हा पक्षी एकदा नीट समजला, तो काय खातो, पाण्याजवळ कसा वागतो, कुठल्या महिन्यात कसा दिसतो, तर समुद्रावरचे बाकीचे अवघड पक्षीसुद्धा हळूहळू सुटायला लागतात.

मुळात हा आहे कोण?

विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. अलेक्झांडर विल्सन नावाच्या स्कॉटिश-अमेरिकन पक्षितज्ज्ञाच्या नावावरून हे नाव आलं. लांबी 16 ते 18 सेंमी, वजन 30 ते 40 ग्रॅम, म्हणजे अंगाने चिमणीपेक्षा किंचितच मोठा, पण पंख पसरले की 40 सेंमीच्या आसपास. अंटार्क्टिकात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा सगळ्यात लहान. आणि गंमत म्हणजे साडेतीन मीटर पंखांचा तो प्रसिद्ध अल्बट्रॉस आणि हा मूठभर जीव एकाच मोठ्या कुळातले.

या कुळाला इंग्रजीत ट्यूबनोज म्हणतात, कारण चोचीच्या वरच्या बाजूला नाकपुड्यांची एक छोटी नळी असते. आपण यांना नळीनाके म्हणू. हे पक्षी गोड्या पाण्यावाचून समुद्रात महिनोन्‌महिने काढतात. खारं पाणी पोटात गेलं की डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातलं जास्तीचं मीठ बाहेर काढतात आणि ते खारट थेंब नाकावाटे चोचीच्या टोकावरून गळून जातात.

दुसरी खासियत म्हणजे वास. पक्ष्यांना वास येत नाही असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, या कुळाच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना बारीक प्राणी चरायला लागले की त्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. गॅब्रिएल नेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिक समुद्रात या वायूचा वास मिसळलेलं तेल पाण्यावर सोडून बघितलं, आणि 1995 मध्ये छापलं की काही नळीनाके त्या वासाकडे ओढले जातात, स्टॉर्म पेट्रेल त्यातलेच. तर अथांग पाण्यात एवढासा पक्षी खाणं शोधतो कसं याचं उत्तर बऱ्याच अंशी नाकात आहे.

अंटार्क्टिकात याचं घर कसं असतं?

घर म्हणजे दगडाखालची फट. अंटार्क्टिकाचा किनारा, साउथ शेटलंड बेटं, साउथ जॉर्जिया, फॉकलंड, केर्गेलेन, हर्ड अशा थंड ठिकाणी दगडांच्या उतारावर किंवा मऊ माती असेल तर बिळात हा घरटं करतो. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा, साधारण डिसेंबरच्या सुमारास एकच पांढरं अंडं. नर-मादी आळीपाळीने सहा-सात आठवडे उबवतात, मग पिल्लू उडायला आणखी दोन महिने घेतं. म्हणजे मार्च-एप्रिल येतो, आणि तोवर थंडी परत सुरू झालेली असते.

धोके दोन. पहिला बर्फ. भर उन्हाळ्यात बर्फाचं वादळ आलं तर फटीचं तोंड बंद होतं, बाहेरून आईबाप आत जाऊ शकत नाहीत आणि पिल्लू आत उपाशी. पिल्लू बरंच चिवट असतं, अंगात चरबीचा साठा असतो, शरीराचं तापमान खाली नेऊन काही दिवस काढू शकतं, पण बर्फ फारच साचला तर ते घरटं गेलंच म्हणायचं. दुसरा धोका स्कुआ, हा दांडगा तपकिरी पक्षी स्टॉर्म पेट्रेल दिसला की धरतोच. म्हणून विल्सन घरट्यावर ये-जा रात्री करतो. पण लांब दक्षिणेला उन्हाळ्यात धड रात्रच होत नाही, सूर्य क्षितिजाला टेकल्यासारखा करतो आणि परत वर येतो, तरी बिचारे त्यातल्या त्यात कमी उजेडाची वेळ गाठतात.

आता आपल्याशी असलेला संबंध. भारताचं भारती हे संशोधन केंद्र 2012 मध्ये अंटार्क्टिकातल्या लार्समन हिल्स भागात सुरू झालं, आणि त्या टेकड्यांमध्ये अंडी घालणाऱ्या मोजक्या पक्ष्यांत विल्सन आहे, सोबत स्नो पेट्रेल आणि साउथ पोलर स्कुआ. तिकडे जाणाऱ्या मोहिमा गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र चालवतं. नकाशात बघा, मालवणहून नाक जवळजवळ सरळ दक्षिणेला धरून निघालात तर मधे कुठलाही खंड न लागता तुम्ही थेट त्याच भागात पोचता, सरळ रेषेत साधारण साडेनऊ हजार किमी. मालवणसमोर दिसणारा पक्षी भारती केंद्राच्या मागच्या दगडातलाच असेल असं मी म्हणत नाहीये, पण रस्ता मोकळा आहे एवढं नक्की.

मग तो इथे येतो कशाला, आणि वाट चुकतो का?

वाट अजिबात चुकत नाही. एप्रिलनंतर दक्षिणेत अंधार आणि गोठलेला समुद्र, म्हणून हे पक्षी विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतात, काही अटलांटिकमध्ये, काही हिंदी महासागरात आणि त्यातून अरबी समुद्रात. बरोबर त्याच सुमारास आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात, त्या वाऱ्यांनी सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला आणि काही प्रमाणात आपल्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्यालाही खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यामागे सगळी खाणारी मंडळी. आपल्याला पावसाळ्यात समुद्र नको वाटतो, विल्सनला तेव्हाच तिथे जेवण मिळतं.

अरबी समुद्रात हा साधारण मे ते ऑक्टोबर आणि भारतीय समुद्रातल्या स्टॉर्म पेट्रेलमध्ये सगळ्यात कॉमन. आपल्याला वाटतो दुर्मिळ कारण तो असतो तेव्हा आपण घरात असतो. 1 जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी, समुद्र खवळलेला, बघायला जाणार कोण? ट्रॉलरवरच्या खलाशांनी मात्र हे पक्षी कितीदा पाहिलेले असतात, त्यांना कुणी विचारत नाही हा भाग वेगळा.

पाण्यावर चालतो म्हणतात, ते खरं का?

व्हिडिओ बघितला तर शंका येणारच. वारा सुटलाय, पक्षी पंख वर करून जवळपास एका जागी थांबलाय, लांब बारीक पाय खाली सोडलेत आणि पाण्यावर टपटप पावलं टाकतोय. पंख फारसे हलतही नाहीत, मग पडत का नाही?

पतंग आठवा. पतंग वाऱ्यावर उडतो, पण मांजा तुटला की वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि खाली येतो. मांजा मागे ओढून धरतो म्हणून पतंगावरून वारा वाहत राहतो आणि तो वर टिकतो. विल्सनच्या बाबतीत मांज्याचं काम पाय करतात. पडदे असलेली पावलं पाण्यात बुडतात, पाणी त्यांना अडवून धरतं, त्यामुळे वारा पक्ष्याला सोबत नेऊ शकत नाही आणि पंखांवरून सतत हवा वाहत राहते. फुकटात उचल मिळते. तेवढ्यात चोच खाली घालून पाण्यावरचे बारीक झिंग्यासारखे जीव, तेलाचे थेंब, माशांचे तुकडे टिपायचे. म्हणजे चालणं नाही, नांगर टाकून उडणं आहे ते. आणि म्हणूनच वारा पूर्ण पडलेल्या दिवशी यांची थोडी पंचाईत होते, अशा वेळी ते बरेचदा पाण्यावर बसलेले सापडतात.

ओळखण्यासाठी ही वागणूक कामाची आहे. मात्र पाण्यावर पावलं टाकणारा हा एकटा नाही, म्हणून एवढ्यावर शिक्का मारू नका.

बरं, मग नक्की ओळखायचा कसा?

इथे जरा वेळ देऊ, कारण सगळी गोची इथेच होते.

शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या शेवटच्या भागाला बर्डर लोक रम्प म्हणतात. विल्सनचा रम्प पांढराशुभ्र असतो हे सगळ्यांना माहीत असतं. बघायचं ते हे की तो पांढरा पट्टा फक्त वर आहे का कुशीवरून खाली वळलाय. विल्सनमध्ये तो दोन्ही बाजूंनी खाली येतो, इतका की पक्षी बाजूने दिसला, अगदी पोटाकडून दिसला तरी मागच्या भागाला पांढरं दिसतं. पोट मात्र काळपट, आणि पंखाची खालची बाजूही काळपट. पंखाच्या वरच्या बाजूला एक फिकट आडवा पट्टा असतो तो उजेडावर अवलंबून, कधी ठळक कधी जवळजवळ गायब.

मग शेपटी आणि पाय. शेपटी सरळ कापल्यासारखी, माशाच्या शेपटीसारखी दुभागलेली नाही. पाय इतके लांब की सरळ उडताना बोटं शेपटीच्या मागे बाहेर डोकावतात. बोटांमधले पडदे पिवळे असतात, ते पुस्तकात वाचून लोक पिवळा रंग शोधत बसतात आणि तो दिसत नाही, कारण हलत्या होडीवरून तो दिसणं म्हणजे नशीबच. चांगल्या फोटोत कधीतरी सापडतो. पाय बाहेर डोकावणं मात्र साध्या फोटोतही कळतं, म्हणून आधी ते बघा.

सगळ्यात भरवशाची गोष्ट माझ्या मते उडण्याची ढब. विल्सन जागा बदलताना बऱ्यापैकी सरळ जातो, थोडा वेळ भरभर पंख, मग थोडं तरंगणं, परत पंख. पंख बुडाशी आखूड आणि मागची कड जवळपास सरळ दिसते. एकदा ही चाल डोळ्यात बसली की पांढरा पट्टा दिसायच्या आधीच मन सांगतं विल्सन असावा, आणि तेव्हाच सावध व्हायचं, कारण आता उरलेल्या खुणा तपासायच्या आहेत, आपलं म्हणणं सिद्ध करायचं नाहीये.

महिन्याचाही उपयोग होतो. पूर्ण वाढ झालेले विल्सन आपल्या पावसाळ्यात पिसं बदलतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या फोटोत पंखात खाचा पडलेला, थोडा फाटका दिसणारा विल्सन अगदी नॉर्मल आहे. तो जखमी नाही आणि वेगळ्या जातीचाही नाही.

पण लांबून सगळेच काळे दिसतात, त्याचं काय?

आक्षेप बरोबर आहे. म्हणून एकेक नाव बाजूला काढत जायचं.

पाकोळ्या आणि अबाबील स्थलांतरात समुद्रावरून जातात, पण ते पाण्याला चिकटून सतत पुढे-मागे करत नाहीत आणि पाय खाली सोडून थबकत तर नाहीतच. लाल मानेचा फॅलारोप अरबी समुद्रात थव्याने तरंगताना दिसतो, लहान असतो म्हणून लोक फसतात, पण त्याची खालची बाजू पांढरी आणि तो बसतो बदकासारखा. नॉडी, शिअरवॉटर, जुआनिन्स पेट्रेल हे समुद्री पक्षीही काळे-तपकिरी आहेत पण विल्सनपेक्षा बरेच मोठे. तरी रिकाम्या समुद्रात आकाराचा अंदाज साफ चुकतो, जवळ टर्न वगैरे दुसरा पक्षी असेल तर त्याच्याशी तुलना करा, नुसत्या "लहान वाटला" वर जाऊ नका.

खरे स्पर्धक दोन. स्विन्होज स्टॉर्म पेट्रेल, हा जपान-कोरिया बाजूच्या बेटांवर अंडी घालतो आणि तिकडून अरबी समुद्रापर्यंत येतो. म्हणजे एकाच पाण्यावर एक दक्षिण टोकाचा आणि एक पूर्व आशियाचा, शेजारी शेजारी जेवतायत. स्विन्होला पांढरा रम्प नाही, शेपटी दुभागलेली, पाय मागे येत नाहीत, आकाराने किंचित मोठा. दुसरा ब्लॅक-बेलीड स्टॉर्म पेट्रेल, हा पण थंड दक्षिण समुद्रातला, याला पांढरा रम्प आहे, पाय पण मागे येतात, म्हणजे वरून बघितला तर विल्सन म्हणून सहज खपून जाईल. फरक खाली आहे. पोटाच्या दोन्ही बाजू पांढऱ्या, मधून काळी पट्टी, आणि पंखाखाली भरपूर पांढरं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, पाठीचे दहा फोटो असतील तरी पोटाचा एक मिळेपर्यंत थांबा.

किनाऱ्यावरून दिसेल का, की होडीच हवी?

किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर एखाद्या पुढे घुसलेल्या कड्यावरून दुर्बिणीने कधी कधी दिसतो, पण पावसाळ्यात निसरड्या कातळावर उभं राहणं हा शहाणपणा नाही. खरी मजा समुद्रात. मुंबईसमोर उथळ समुद्राचा पट्टा खूप रुंद आहे, दक्षिणेकडे जाल तसा तो अरुंद होतो, म्हणून खोल पाणी गाठायला गोवा-कारवारकडून तुलनेने कमी अंतर जावं लागतं. बंदी उठल्यावर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा. तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा, शब्द शेवटचा, तो आज नको म्हणाला तर आज नको.

दुर्बीण 8 पटीची घ्या, 10 पटीची होडीवर फार हलते. कॅमेऱ्याचा शटर स्पीड निदान दोन हजारांश सेकंद, आणि फोकस लागला की बटण दाबून ठेवा. उलटीची गोळी निघण्याआधी, नंतर घेऊन काही उपयोग नाही. माशांची घाण किंवा माशाचं तेल थोडं पाण्यावर सोडलं की वासाने पक्षी जवळ येतात, वर सांगितलेलं नाक इथे आपल्या कामी येतं. वाऱ्याच्या दिशेचं भान ठेवा, वास जिकडे वाहत जातोय तिकडूनच ते येणार, तिकडे बघत बसा.

बोस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींचं काम तर फारच सोपं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये देवमासे बघायला स्टेलवॅगन बँक नावाच्या समुद्रातल्या उथळ भागात ज्या बोटी जातात त्यावरून विल्सन आरामात दिसतात. सगळे देवमाशाची वाट बघत असताना तुम्ही पाण्याकडे बघा. तिथे मात्र लीचेस स्टॉर्म पेट्रेलपासून सावध, त्याची शेपटी दुभागलेली, पांढऱ्या रम्पच्या मधून बरेचदा काळसर रेघ, आणि उडणं उड्या मारल्यासारखं.

अंटार्क्टिकाला जहाजाने जाणं कुणाला जमलंच तर नियम साधा आहे, प्राण्यापक्ष्यांपासून कमीत कमी 5 मीटर लांब. दगडांच्या उतारावरून उगाच चालू नका, खाली घरटी असू शकतात. आणि रात्री केबिनचे पडदे लावा. उजेडाकडे ओढले जाऊन हे पक्षी जहाजाच्या डेकवर आपटतात, म्हणून त्या भागातल्या बोटी रात्री दिवे कमीत कमी ठेवतात.

एवढा कॉमन आहे तर डोकं कशाला लावायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, आणि त्याचं उत्तर न्यूझीलंडमध्ये आहे.

न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेल नावाच्या पक्ष्याचे एकोणिसाव्या शतकातले फक्त तीन नमुने संग्रहालयात होते, ही वेगळी जात आहे की नाही यावरच वाद, आणि असली तरी ती नामशेष झाली असं धरून चाललेले. वरून बघाल तर काळपट, रम्प पांढरा, म्हणजे विल्सनसारखाच. पोट मात्र पांढरं आणि त्यावर काळ्या रेघा. 2003 च्या जानेवारीत व्हिटियांगा गावासमोरच्या समुद्रात काही पक्षीनिरीक्षकांनी अशा एका पक्ष्याचे फोटो काढले. फोटोत पोटावरच्या रेघा होत्या. शंभराहून जास्त वर्षं "संपला" म्हटलेला पक्षी ऑकलंडसारख्या मोठ्या शहरापासून फार लांब नसलेल्या पाण्यात जिवंत होता. मग पक्षी पकडून, छोटे ट्रान्समीटर लावून माग काढला, आणि 2013 मध्ये लिटल बॅरियर बेटावर त्यांची घरटी असल्याचं कळलं. त्या बेटावरची मांजरं आणि उंदीर आधीच काढून टाकले होते हे त्यातलं महत्त्वाचं.

आता विचार करा, त्या आधी किती जणांनी तो लांबून बघून वहीत दुसरंच काही लिहिलं असेल.

आणि कॉमन म्हणजे सुरक्षित असंही नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत विल्सन सध्या कमी चिंतेच्या गटात आहे, जगभरात त्यांची संख्या लाखो-करोडोंत आहे, तरी साउथ शेटलंडमधल्या किंग जॉर्ज बेटावरच्या वसाहतींत मोठी घट नोंदली गेली आहे. रात्री दगडाखाली शिरणारा पक्षी मोजणं किती कठीण असेल बघा. समुद्रावरच्या नीट केलेल्या नोंदी म्हणून कामाच्या ठरतात, अरबी समुद्रातून तर त्या अजून फारच थोड्या येतात.

वादळानंतर किनाऱ्यावर सापडला तर?

पावसाळ्यात दमलेले समुद्री पक्षी वाळूवर सापडतात, त्यात कधी हा पण असतो. समुद्रात परत फेकू नका, पाण्यात नेऊन पोहायला लावू नका, आणि दूध-भात भरवणं तर अजिबात नको. हातात कापड किंवा हातमोजे घाला, कारण बर्ड फ्लू 2023 मध्ये साउथ जॉर्जियापर्यंत आणि 2024 मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पापर्यंत पोचलाय, आपल्याकडच्या पक्ष्याला तो असेलच असं नाही पण काळजी घेतलेली बरी. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत कोरडं फडकं, अंधार, शांतता, आणि वनविभागाला किंवा जवळच्या प्राणीमित्र संस्थेला फोन. खोक्यात ठेवायच्या आधी झटपट तीन फोटो काढा: पाठ, पोट, पाय. हातातल्या पक्ष्याचे ते पिवळे पडदे नीट दिसतात.

मेलेला असेल तरी हेच तीन फोटो आणि शेजारी एखादी पट्टी ठेवून मोजमाप, जागा, तारीख.

समुद्रावर बघितलेला आणि खात्री न झालेला पक्षी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, टाकताना जातीचं नाव देण्याची सक्ती नाही, तिथे नुसतं "स्टॉर्म पेट्रेल, जात नक्की नाही" असाही पर्याय असतो. तो निवडला म्हणून कुणी कमी समजत नाही. फोटो जोडा, वारा कुठून होता, किनाऱ्यापासून किती लांब होतात आणि पोट दिसलं की नाही एवढं खाली लिहा.